चिमणीचा धूर मागणाऱ्या आक्का

आक्का पाणी ओळखायच्या ते बोटांनी. गिरणीमागच्या हौदाशी वाकून दोन थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायच्या. बोटं साबण लावल्यासारखी सरकली की म्हणायच्या, "अजून कडकच आहे." मग प्रयोगशाळेत जाऊन रीतसर मोजायच्या आणि बहुतेक वेळा बोटांचंच खरं निघायचं. आमच्यापैकी कुणी तसं करायला गेलं की मात्र दटावायच्या, "तुम्ही हात घालू नका. माझी कातडी निबर झालीय."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगली-मिरज रस्त्यालगत आमची सूत रंगवायची गिरणी होती. मी साताऱ्याकडचा, बॉयलरवर इंजिनिअर. आक्का तिथल्या केमिस्ट. आष्ट्याजवळच्या जैन शेतकऱ्याची ही मुलगी सांगलीत रसायनशास्त्र शिकली आणि पुरुषांनी भरलेल्या त्या गिरणीत एकटी येऊन उभी राहिली. लोक आधी 'बाई' म्हणत. मग मॅनेजरसकट सगळे 'आक्का' म्हणू लागले. त्या वयाने माझ्याहून लहान, पण मलाही दुसरं काही म्हणवेना.

सुताला चकाकी यावी म्हणून ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढत. ते पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर खालचे मळे करपले असते. म्हणून हौदात गंधकाचं आम्ल ओतून ते शांत करायची पद्धत होती. एका दुपारी आम्लाचा काचेचा बुधला कलता करताना हौदावरच्या ज्ञानू गड्याच्या हातून निसटला आणि आम्ल तोंडावर उडालं. आक्का धावत आल्या, त्याला नळाखाली धरलं आणि पाणी मारत राहिल्या. साडीला भोकं पडत होती, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी एक डोळा वाचवला. दुसरा गेला.

दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, आजपासून बुधला कुणी उचलायचा नाही."

"मग पाणी तसंच सोडू? शेतकरी गिरणीवर चालून येतील."

"तसंही सोडायचं नाही. महिनाभर ते सोड्याचं खातं बंद ठेवा. मी दुसरी वाट काढते."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी घरी जाते."

तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. "बॉयलरवाले, तुमच्या चिमणीचा धूर मला हवाय."

"लोणचं घालताय का त्याचं?" मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या. काचेच्या पेल्यात हौदातलं पाणी घेतलं, त्यात कॉस्टिक सोडा असला की रंग दाखवणाऱ्या औषधाचा एक थेंब टाकला. पाणी गुलालासारखं गुलाबी झालं. मग गोटी सोड्याची बाटली फट्‌कन फोडली आणि सोडा त्यात ओतला. आमच्या डोळ्यांदेखत तो गुलाबी रंग विरून गेला. कॅन्टीनवाला आ वासून म्हणाला, "आक्का, ही तर लय भारी जादू हाय!"

"जादू कसली? या बाटलीतल्या सोड्यातला वायू ह्यांच्या बॉयलरच्या धुरातही आहे. पाण्यात विरला की त्याचं सौम्य आम्ल होतं." माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "गंधकाचं आम्ल मगभर जास्त पडलं तर पाणी उलट जाळायला लागतं. हा कितीही सोडला तरी पाणी फारसं आंबट होत नाही. आणि तो कुणाच्या डोळ्यांत उडत नाही."

मी चिमणीला भोक पाडायच्या तयारीला लागलो.

धूर पंख्याने ओढायचा, पाण्याच्या फवाऱ्यात धुऊन गार करायचा आणि हौदाच्या तळाशी भोकं पाडलेल्या नळातून सोडायचा, असा बेत ठरला. पहिल्या खेपेला काजळीने हौद शाईसारखा काळा झाला. मग फवारा वाढवला, तर नळाची भोकं क्षाराच्या पांढऱ्या पुटाने बुजली. मॅनेजर रोज येऊन नुसते बघून जात. आक्का सूर्य मावळल्यावर जेवत नसत. कामात दिवस बुडाला की त्यांचा डबा न उघडताच परत जाई. मी एकदा म्हणालो, "आक्का, आधी चार घास खाऊन घ्या." त्या वॉल्व्हवरचा हात न काढता म्हणाल्या, "आता बुडबुडे बारीक यायला लागलेत. भूक थांबते, हे थांबायचं नाही."

महिना सरत आला असताना ते साधलं. सगळी गिरणी हौदाभोवती जमली होती. पाणी तळापासून शिजल्यासारखं खदखदत होतं. आक्का थोड्या थोड्या वेळाने पाणी काढून त्यात थेंब टाकत होत्या. गडद गुलाबी, मग फिकट, मग नुसती झाक. शेवटच्या पेल्यात रंग चढलाच नाही. मॅनेजरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. इतकी वर्षं मी तो धूर आभाळात सोडत होतो.

पुढे एकदा नळ साफ करायला हौद रिकामा केला. कामावर परतलेला ज्ञानू धोतर खोचून शिडीवर पाय टाकणार, तोच आक्कांनी त्याचं मनगट धरलं. दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला.

"खाली हवा नाही, ज्ञानू. तो वायू साचलाय. वास नाही, रंग नाही, पण उतरलास तर वर येणार नाहीस."

ज्ञानू शिडीपासून मागे सरला. "आक्का, दुसऱ्यांदा वाचिवलंसा गड्याला."

त्या कठड्यावर टेकल्या. "हे मी सगळ्यांना आधीच सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आणि त्यानंतर आधी कंदील आणि पंख्याची ताजी हवा उतरल्याशिवाय हौदात माणूस उतरला नाही.

गिरणी बंद पडली तशी आम्ही पांगलो. आक्का दुसरीकडे नोकरीला गेल्या. पुष्कळ वर्षांनी त्या वारल्याचं कळलं, तेव्हा मी आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो. त्यांचा भाऊ शेतकरी माणूस. चहा झाला, बोलणं संपलं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी संकोचत विचारलं, "आवं, आक्का तितं नेमकं काय करायच्या? घरात कवा काय बोलल्याच न्हाईत. आमी समजायचो, कारकुनी आसंल."

मी ज्ञानूपासून सुरुवात केली. कॅन्टीनमधल्या त्या पेल्यापर्यंत आलो, तेव्हा भावाने हात वर करून मला थांबवलं. आतल्या दाराकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "आगं, पोरास्नी घिऊन भाईर ये. आपली आक्का काय हुती, ते ऐक."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. सगळी येऊन बसेपर्यंत मी थांबलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.