पावणेचारचा चहा

ज्योत्स्ना गेल्याचा फोन आला तेव्हा माझी स्क्रीन अडकलेली होती. तिच्या नवऱ्याचा, विवेकचा फोन. "सुषमा, गेली गं ती सकाळी," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी "निघते" म्हटलं खरं, पण निघाले नाही. समोर गणित चाललं होतं, ते संपेपर्यंत तिथंच बसून राहिले… बाई मेली होती आणि मी स्क्रीनकडे बघत बसले होते. ती असती तर म्हणाली असती, "झालं हिचं सुरू!"

आमचं काम सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. घोडबंदर रोडवरच्या एका लहानशा कंपनीत आम्ही दोघी शेजारीशेजारी बसायचो. नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यापर्यंत पाणी नीट चढेल का, पाइप केवढा लागेल, याची गणितं करणं हा आमचा धंदा. आमचे छोटे प्रोग्राम आम्ही लिहायचो, पण खरं दळण दळणारा प्रोग्राम वेगळाच, जुना आणि बाहेरचा. आपण आपल्या सेशनमधून, म्हणजे स्क्रीनवरच्या आपल्या कामाच्या खिडकीतून, त्याला चालू करायचं, तो तासभर खाटखूट करणार आणि मग उत्तर देणार. मी त्याला चालू केलं की माझं सेशन त्याच्यासाठी खोळंबायचं. दुसरी एक ओळ टाइप होणार नाही. मी हाताची घडी घालून बसायचे. ज्योत्स्ना तोच प्रोग्राम चालू करायची, पण त्याला मागच्या मागे सोडून द्यायची आणि त्याच क्षणी पुढच्या ओळीवर जायची. तो तिकडे दळतोय, ही इकडे दुसऱ्या टॉवरचं काम करतेय, मध्येच त्याला विचारतेय, "झालं का रे?" नसेल झालं तर नसेल. आणि वर शेंगदाणे खातेय! साहेब यायचे, तिच्या स्क्रीनवर चार कामं हलताना दिसायची, माझ्या स्क्रीनवर शुकशुकाट. कुणाचा जीव जळणार नाही?

माझा जळायचा. सरळच सांगते, तिच्याबद्दल लिहायला बसले आणि हे झाकलं तर बाकी काही उरणारच नाही. एकदा मीही ठरवलं, हिच्यापेक्षा जास्त सोडून दाखवते. एका अख्ख्या संकुलाच्या सगळ्या इमारतींची गणितं मी एका दमात सोडून दिली, एकामागोमाग एक, कुणाचीही वाट न बघता. पाच मिनिटांत माझं मशीन आचके द्यायला लागलं, मग मजल्यावरची सगळी मशीनं रडतखडत चालायला लागली, कारण उत्तरं सगळ्यांच्या सामायिक डिस्कवर जात होती. कोणतं उत्तर कोणत्या इमारतीचं तेही मला सांगता येईना, मी धरूनच ठेवलं नव्हतं काही. ज्योत्स्ना हसत हसत माझ्या खुर्चीवर बसली. "अगं सुषे, सोडायचं म्हणजे वाऱ्यावर नाही सोडायचं. कुकर लावतेस तेव्हा त्याच्यासमोर उभी राहतेस का? नाही ना? पण कान असतो ना शिट्ट्यांकडे? तसं." एकेकाला शोधून तिनं बंद केलं आणि साहेबांना सांगितलं की तीच काहीतरी करून बघत होती. मला वाचवलं. त्याचासुद्धा मला राग आला, बघा.

डोंबिवलीत तिच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा तर मी बघतच राहिले. मशीनमध्ये कपडे फिरतायत, गॅसवर इडलीचं भांडं, आतल्या खोलीत मुलगी मोठ्यानं पाठांतर करतेय, सासूबाईंना फिजिओथेरपीवाली व्यायाम देतेय, आणि ही बाई गॅलरीत बसून केसांना तेल लावतेय. तिथूनच ओरडते, "आई, डावा पाय झाला का?" आतून उत्तर येतं, "झाला गं!" आमच्या कळव्याच्या घरात मी दूध वर येईपर्यंत गॅससमोरून हलत नाही. नवरा म्हणतो, तू बघितलंस म्हणून ते लवकर येणारे का? ज्योत्स्नाचं दूध मात्र कधी उतू गेलं नाही. जाऊ दे मेलं.

एकच गोष्ट अशी होती की ज्यात ती माझी एकटीची होती. पावणेचारचा चहा. पावणेचार वाजले की ती माझ्या खुर्चीची पाठ धरून एक हिसका द्यायची आणि आम्ही खाली सर्व्हिस रोडवरच्या टपरीवर जायचो. माझं गणित चालू असलं तरी मला उचलायची. "तू बघत नसलीस तरी ते चालतं गं!" त्या पंधरा मिनिटांत मी तिला काय काय सांगितलंय… आणि ती ऐकायची. इकडेतिकडे न बघता ऐकायची.

मग तिचं दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्ये मी जाऊन बसायचे, तर म्हणायची, "तू कशाला बसलीस? जा घरी, लागलं तर हाक मारीन." हाक मारलीच नाही. मारली ती प्रियांकाला. ही प्रियांका म्हणजे आमच्याकडे नव्यानं लागलेली बाळकुमची मुलगी, ज्योत्स्नाचं काम तिच्याकडे जायचं होतं. दोन उपचारांच्या मध्ये ज्योत्स्ना एकदा ऑफिसला आली, डोक्याला स्कार्फ, आणि दुपारभर प्रियांकाच्या मशीनवर बसली. दोघी खुसखुसत होत्या. मी जवळ गेले तर गप्प. वीस वर्षं शेजारी बसले मी हिच्या, आणि मी गेले तर गप्प!

ती गेल्यावर भेटायला गेले, तर दारापासून जिन्यापर्यंत चपलाच चपला. जो तो सांगतोय, ती माझी फार जवळची होती. भाजीवाली सांगतेय, मुलीच्या क्लासची बाई सांगतेय. मी कोपऱ्यात उभी. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बायांनो, रांगेत या. पण कुणाला सांगणार?

आणि मग ऑफिसात एक टिंग असा आवाज सुरू झाल्याचं माझ्या लक्षात आलं. रोज पावणेचारला प्रियांकाच्या मशीनवर एक छोटी चौकट उघडायची. ती वाचायची, डोळे पुसायची, चौकट मिटायची. ऑफिसला आली त्या शेवटच्या दिवशी ज्योत्स्नानं प्रियांकाच्या सेशनमधून एक प्रोग्राम सोडून ठेवला होता, असा की सेशन बंद केलं तरी तो आपला चालूच राहील. फक्त मशीन बंद करायचं नाही. प्रियांकानं मशीनवर चिठ्ठी लावली होती, 'बंद करू नये'. माझ्या मशीनवर काही नव्हतं. मी शोधलंसुद्धा, लाज वाटते पण शोधलं. हिला, सहा महिन्यांच्या ओळखीला, तिनं स्वतःतलं काहीतरी मागे ठेवलं, आणि मला काही नाही. त्यात ही पोरगी चौकट मिटली की उठून माझ्याकडे यायची. "मॅडम, चहाला येता?" मी म्हणायचे, नको. तरी हलायची नाही, खुर्चीमागे उभीच. मला तिच्या त्या उभं राहण्याचाही संताप यायचा. मान वर न करता मी कर्सरकडे बघत बसायचे, शेवटी ती जायची.

गेल्या आठवड्यात प्रियांका रजेवर होती. नेटवर्क बघणारा फैजल तिच्या मशीनवर काही अपडेट टाकत बसला होता. पावणेचार झाले, टिंग झालं.

"मॅडम, ये कुछ चालू आहे इकडे. रीस्टार्ट मारतो, जाईल ते," फैजल म्हणाला. मग थांबून म्हणाला, "तुमचं नाव आहे पण यात."

मी उठून गेले. चौकटीत लिहिलं होतं, 'प्रियांका, सुषमाला चहाला ने. नको म्हणेल. तू तिथंच उभी राहा.'

जन्मात कशासाठी थांबली नाही ती बाई… मी फैजलच्या हातातला माउस काढून घेतला. "या मशीनला हात लावायचा नाही," म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, सोपं आहे, परत लिहून टाका ना." परत लिहिता येईल मला, अर्ध्या तासाचं काम आहे. पण ते मी लिहिलेलं असेल.

दुसऱ्या दिवशी प्रियांका आली. माझं एक मोठं गणित मी नुकतंच चालू केलं होतं, स्क्रीन ठप्प. पावणेचारला पलीकडे टिंग झालं. ती चौकट तिच्याच मशीनवर उघडते, माझ्या नाही, हे मला अजून खुपतं आणि खुपतच राहणार. प्रियांका आली. "मॅडम, चहा?" सवयीनं माझ्या तोंडून "नको" गेलं. ती उभी राहिली. मी कर्सरकडे बघितलं, तो जागचा हलला नव्हता. मग मी खुर्ची मागे सरकवली आणि म्हटलं, "चल."