बिबवेवाडी ते वारजे: उतरवलेल्या अंकामागे

मंगळवार, नऊ जुलै, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वारज्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी नववीच्या मुलांचं भित्तिपत्रक फळ्यावरून उतरवलं आणि कपाटात कोंडलं. गुन्हा? मुलींच्या स्वच्छतागृहाला मधल्या सुट्टीत कुलूप असतं, ही बातमी. खाली रिकामी चौकट: ‘मुख्याध्यापकांची बाजू. दोनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही.’ ही चौकट मीच शिकवलेली. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी तिथे पत्रकारिता शिकवते. संध्याकाळी अंकाची संपादक श्रावणी फोनवर रडत होती. “मॅम, उद्या पप्पांना बोलावलंय. ते शाळाच सोडायला लावतील मला.”

बुधवारी निघाले. बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून वारज्याची बस. जाणार असाल तर दिवसाचा पास काढा आणि लवकर कर्वेनगर ओलांडा. नंतरच्या गर्दीत बस चालते असं म्हणणं धाडसाचं आहे. स्वारगेटचा चहा म्हणजे साखरेचा पाक. कंडक्टरला म्हटलं, “शाळेचा स्टॉप आला की सांगा.”

“आजी, पाट्या लावल्यात. वाचायला.”

शहराचा खवचटपणा अजून शाबूत आहे म्हणायचं. स्टॉपसमोर दोन टॉवरांच्या मधे मेथीचा एक वाफा तग धरून होता.

मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, आपण मुलांचं इंग्रजी सुधाराल असं वाटलं होतं. हे काय शिकवताय?”

“विचारायला.”

“शाळेची बदनामी होते. आधी मला दाखवायला हवं होतं.”

“बदनामी कुलपामुळे होते. आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या सिस्टरही आमची पत्रं फोडून वाचायच्या, पण निदान परत चिकटवून द्यायच्या.”

तेवढ्यात श्रावणीचे वडील आले. मूळचे इथलेच शेतकरी, आता जमिनीचे व्यवहार; गळ्यात जाड साखळी. श्रावणी भिंतीला चिकटली.

“सर, पोरीनं खोटं लिहिलंय का?”

“खोटं नाही, पण...”

“कुलूप हाय का नाय?”

“आहे.”

“मग मला कशाला बोलावलं? कुलूपवाल्याला बोलवा की!” मग लेकीकडे वळून, “रडतीस काय? पुढच्या बातमीला लाग.”

मुख्याध्यापकांनी शिपायाला स्वच्छतागृहाचं कुलूप काढायला सांगितलं, अंक पुन्हा फळ्यावर लागला. परतताना कोपऱ्यावरच्या गाडीवर कांदाभजी खाल्ली, दोन प्लेट. काळजी उतरली की भूक लागते. भजी उत्तम, चटणी मागू नका.

घरी पाठ बोलतेय, पण झोप छान लागली. श्रावणीची शाळा वाचली. तरी ते कपाट तिथेच आहे आणि प्रत्येक मुलीचे वडील असे नसतात. मुलांचं लिहिणं कुणाच्या बापाच्या स्वभावावर अवलंबून ठेवायचं का?

तेव्हा मुख्याध्यापक महाशय, आपण हा ब्लॉग वाचता, हे मला ठाऊक आहे. ‘मुलांच्या प्रश्नांना उत्तर देईन आणि खरी बातमी असलेला अंक उतरवणार नाही’, एवढं आपल्याकडून शाळेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह हवं. मंगळवार, सोळा जुलै, सकाळी अकराच्या आत. ‘फोनवर बोलू’ चालणार नाही.