ताईला बघायला आलेली माणसं

ताईच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोघा मोटरसायकलवाल्यांनी भरदुपारी हिसकलं, ती स्कूटीसकट पडली आणि उजवा हात मोडला. घडलं ते धाड गावाजवळच्या रस्त्यावर. तक्रार पोलिसांत झाली. खटला मात्र ताईच्या घरी, बैठकीच्या खोलीत चालला, आणि आरोपी होती ताई.

आमच्याकडे कुणाला लागलं की बघायला जावंच लागतं. जो जात नाही तो कायमचा लक्षात राहतो. त्यामुळे बिस्किटांचे पुडे घेऊन गाव लोटलं. मी धाकटा भाऊ, म्हणून चहाचं खातं माझ्याकडे. खरं सांगतो, इतकं रंगलेलं नाटक मी फुकटात कधी पाहिलं नव्हतं. दारात चपला, तोंडात "अरेरे", प्लास्टरवर हलकेच एक बोट, आणि खुर्चीत टेकताच पहिला प्रश्न.

"सोन्याचं घालून गेलीच काऊन वं बाई?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "खोटं घालाचं ना. कोण पाह्यते?"

"खोटं तं बिलकूल नोको," त्यांच्यासोबत आलेली त्यांचीच जाऊ म्हणाली. "खोटं निघालं तं चिडून डोक्शात हाणतात मेले."

गल्लीतले निवृत्त कंडक्टर म्हणाले, "गाडी हळू चालवत असशील तू. जोरात पाह्यजे."

"जोरात होती म्हणूनच तं हात मोडला!" किराणा दुकानदार ओरडला. त्यावर दोघांची अशी जुंपली की ताई खोलीत आहे हेही ते विसरले. मी पुन्हा चहा ठेवला.

मला हसू येत होतं, ताईला नाही. ती प्रत्येकाला म्हणायची, "हो ना, चुकलंच माझं." आणि भाऊजी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लोक काही गलत नाही म्हणून राह्यले. स्कूटी इकून टाकू. सांजच्याले गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

ताई शेजारच्या गावात बायकांचा शिवणवर्ग घेते. तिथे एसटी सकाळी जाते, ती अंधार पडल्यावरच परत फिरते. म्हणून चाळिशी उलटल्यावर ती बाजाराच्या रिकाम्या मैदानात गाडी शिकली, मागे मी "ब्रेक, ब्रेक!" करत धावत होतो. स्कूटी गेली की वर्ग बंद, हे भाऊजींनाही माहीत होतं. ताई एवढंच म्हणाली, "विका."

आलेली माणसं वाईट नव्हती हो. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी रोज त्याच रस्त्याने जातं. ताईची एखादी चूक सापडली, तर तेवढी टाळून आपली पोरगी सुखरूप घरी येईल, अशी त्यांची आशा. घाबरलेली होती बिचारी माणसं, आणि घाबरून ताईलाच बोलत होती.

त्याच दुपारी ताईच्या सासूबाई उंद्रीहून आल्या, लेकीकडे गेल्या होत्या. सासू! मी चहाची गाळणी हातात घेऊनच दारात उभा राहिलो, शेवटचा अंक चुकायला नको. त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "कसे होते वं ते मुडदे दिसायले?"

इतका चहा रिचवून त्या दोघांबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता.

"मागचा पोरगा हसत होता, आत्याबाई," ताई म्हणाली. "काकू, धामणगावचा रस्ता कोणता, म्हणे. मी थांबले. हात करून दाखवत होते, अन् त्यानं..." मग ती रडली, पडल्यापासून पहिल्यांदाच. सासूबाईंनी तिला पोटभर रडू दिलं.

मग त्या भाऊजींकडे वळल्या. "माही सून रस्ता दाखवत होती. चोरानं मंगळसूत्र नेलं, आता तू गाडी नेतं काय रे?"

"आई, पण लोक..."

"लोकाइले चहा पाज."

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. भाऊजींनी दारातच सांगितलं, गाडी विकायची नाही. तो भला माणूस, आलोच आहे तर बघून जावं म्हणून आत शिरला, अरेरे केलं आणि खुर्चीत टेकला. रस्ता दाखवल्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. "पण बाई, अनोळखी पोरांसाठी तुम्ही थांबल्याच काऊन?"

सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी घाईने कप त्याच्या हातात दिला.

प्लास्टर निघाल्यावर ताई वर्गाला निघाली. भाऊजी मोटरसायकलवरून मागे मागे गेले. गावाबाहेर तिनं आरशात पाहिलं, गाडी थांबवली आणि त्यांना हातानेच परत फिरवलं.