आम्ही रक्त तपासलंच नव्हतं

"अ‍ॅप्रन काढ आणि पळून दाखव."

सर मलाच म्हणाले. आमचे विभागप्रमुख. विभागात नवी ट्रेडमिल आली होती, तिचं उद्घाटन होतं. ज्यांच्या देणगीतून ती आली ते शेठ आले होते. वाळूजला आणि चिकलठाण्याला त्यांची गोदामं. सोबत त्यांचे दोन पाहुणे. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पाहुण्यांना मशीन चालताना बघायची होती.

आम्ही चार रेसिडेंट भिंतीला लागून उभे होतो. चौघंही एमबीबीएस झालेले, शरीरक्रियाशास्त्रात एमडी करणारे. बाकीचे तिघं मुलगे. तिघांच्या पायात बूट. मी सलवार-कमीज आणि चपलांवर. सरांचं बोट माझ्याकडं आलं.

मी म्हणाले, "सर, बूट नाहीत."

"अनवाणी पळ. सवय असेल."

हशा झाला. मोठा नाही. सभ्य माणसं हसतात तेवढा.

मी ओढणी कमरेला बांधली. श्वास मोजायचा मास्क नाकातोंडावर चढवला. पट्टा सुरू झाला. सर वेग वाढवत गेले आणि पाहुण्यांना सांगत गेले, "बघा, ही थांबणार नाही. यांच्या लोकांत दम उपजतच. पिढ्यान्पिढ्या अंगमेहनत केलेली. रक्तातच उतरतं ते."

शेठ म्हणाले, "बरोबर. आमच्या गोदामातले गडी बघा. दिवसभर पोती वाहतील, हूं का चूं नाही."

मी मास्कच्या आत होते. बोलता येत नव्हतं. पळत होते.

मशीन थांबली. एका पाहुण्याला हौस आली. म्हणाला, मी पण बघतो थोडं चालून. शिपाई माझ्या हातातला मास्क घेऊन पुसायला लागला. सर पटकन म्हणाले, "तो नको. दुसरा काढ."

"दुसरा नाय सर. एकच आलाय. धुऊन देतो."

"मग राहू दे आज."

पाहुणा पेढ्याकडं वळला. त्याला कळलं. सगळ्यांना कळलं. त्याच सकाळी तोच मास्क आमच्या एका सीनियरनं लावला होता आणि त्याच्या मागून स्वतः सरांनी. मधी फक्त स्पिरिटचा बोळा फिरवला होता.

मी बाथरूममध्ये जाऊन पाय धुतले. तळव्यांची सालटी निघाली होती. बाहेर आले, अ‍ॅप्रन घातला, पेढ्यांची ताटली उचलून ठेवली.

आम्ही बजाजनगरला राहायचो. एक खोली, पुढं मोरी. बाबा पैठणकडच्या गावातून आलेले. गावात आमची वस्ती कुठं होती, ते सांगायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला आडनावावरून कळतं. इथं ते गोदामात हमाल झाले. माय कंपनीत सुटे पार्ट पॅक करायच्या कामाला जायची. बाबा कामावरून आले की भिंतीला टेकून बसायचे. आम्ही पोरं काही विचारायला गेलो की माय म्हणायची, "त्यांचा दम खाली बसू दे. मग बोला."

दम खाली बसतो म्हणजे आत काय होतं? मला ते बघायचं होतं. म्हणून मी हा विषय घेतला. नात्यागोत्यात सगळे म्हणाले, हे काय घेतलं, यात ना पेशंट ना दवाखाना. मी कुणाला सांगत बसले नाही. मला माझ्या बापाचं काळीज ओझ्याखाली कसं चालतं ते शिकायचं होतं. ते शिकवणारं खातं हेच होतं.

थिसिसला मी विषय दिला, उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ओझं वाहणाऱ्यांच्या हृदयावरचा ताण. सरांनी लगेच मान्य केला. तेच माझे गाइड होते. शेठच्या गोदामाची परवानगी त्यांनी एका फोनवर मिळवून दिली. मला वाटलं, चला, माणूस इतका वाईट नाही.

पण हमाल यायला तयार होईनात. त्यांना भीती, की मशीनवर जो धापा टाकील त्याला शेठ कमी करतील. मी त्यांच्यापुढं हात जोडले. कुणी हललं नाही. तेव्हा बाबा म्हणाले, "मी येतो पहिला. मंग बाकीचे येतेन."

बाबा शेठच्याच गोदामात होते.

ते आले त्या दिवशी गुलमंडीतनं घेतलेला नवा शर्ट घालून आले होते. लेकीच्या कॉलेजात जायचं म्हणून. दाढी केलेली. मी त्यांना आत घेतलं. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची बॅच बसली होती. चाचणी बघायला सरांनीच बोलावली होती. मी म्हणाले, "सर, हे माझे वडील."

सर म्हणाले, "अरे वा. म्हणजे बाप-लेक दोन्ही सँपल."

छातीला तारा लावायच्या म्हणून बाबांनी शर्ट काढला. घडी केली. कुठं ठेवू म्हणून माझ्याकडं बघितलं. मी तो घेतला.

सर पुढं आले. बाबांचा दंड धरला आणि त्यांना पोरांकडं वळवलं. विचारलं नाही. खांद्यावर पोत्यांनी पडलेला घट्टा होता, त्यावर बोट दाबून दाखवलं. मग वाकले आणि पोटरीवर थाप मारली. दोनदा. बैलबाजारात मारतात तशी.

"ही पोटरी बघा. असं शरीर जिममध्ये तयार होत नाही. हे पिढ्यांनी तयार होतं. ओझ्यासाठीच बनलेलं. काय मामा, बरोबर ना?"

बाबा हसले. म्हणाले, "व्हय साहेब."

पोरं वहीत लिहून घेत होती.

मी बाबांचं ते हसू बघितलं. ते मला ओळखीचं होतं. मुकादमापुढं, घरमालकापुढं, माझ्या शाळेच्या हेडमास्तरापुढं त्यांनी तेच हसू घातलेलं मी लहानपणापासून बघितलं होतं. ते त्यांचं नव्हतंच. ते कामाचं हसू होतं. पण आज ते माझ्यासाठी घातलेलं होतं. माझ्या डिग्रीसाठी.

सरांचा हात अजून बाबांच्या खांद्यावर होता.

"सर, हात काढा."

माझाच आवाज. मलाच नवा.

"काय?"

"हात काढा. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. संमतीच्या कागदावर आपणच तसं लिहिलंय."

पेनं थांबली. सरांनी हात काढला. रुमालानं पुसला. पोरांना म्हणाले, "बॅच सुटली." आणि गेले.

मला वाटलं होतं, बाबा माझ्याकडं अभिमानानं बघतील. बाबांनी शर्ट घातला, बटनं चुकीची लागली, आणि पार बसस्टॉपपर्यंत ते माझ्या पुढं चालत राहिले. बसमध्ये बसल्यावर बोलले. बारीक आवाजात, पण असे कधी बोलले नव्हते.

"कामून बोललीस?"

"बाबा, ते तुम्हाला बैलावानी..."

"मला कळलं नाय व्हय? मी काय दगड हाय? आजवर लई जणांनी लई केलं, ते गिळलं. कामून गिळलं? तू डागदर व्हावी म्हणून. आता त्यो तुला पास करतो का?"

"नाही केलं तर नाही."

"तुला सोपं हाय म्हणायला. गिळलं ते म्या."

त्या बसमध्ये एक गोष्ट पक्की झाली. माझ्या शिक्षणाची किंमत या माणसानं अपमान गिळून द्यायची, हे आता बंद.

दुसऱ्या दिवशी बाबा परत आले. मला न सांगता. सोबत त्यांच्या टोळीतले सगळे. ट्रेडमिलजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "लाव मशीन, डागदरीणबाई."

मी तो पूर्ण उन्हाळा काम केलं. प्रयोगशाळेत केलं, पत्र्याखाली जाऊन केलं. जे दिसलं ते साधं होतं. हमालांचं हृदय दुसऱ्या कुठल्याही माणसासारखंच दमत होतं. दोन खेपांच्या मधी त्यांची नाडी खाली यायलाच वेळ मिळत नव्हता. एक खेप उतरते तोवर दुसरी अंगावर. सावलीत बसवलं, पाणी दिलं, थांबू दिलं, की नाडी खाली यायची. जादू काही नव्हती. ज्याला सर दम म्हणत होते, तो निम्मा सराव होता आणि निम्मी लाचारी. थांबायची मुभा नसलेला माणूस थांबत नाही, एवढंच.

मी ते लिहून सरांकडं दिलं. परत आलं तेव्हा शेवटी एक परिच्छेद वाढलेला होता. या समाजघटकांत श्रमाची क्षमता आनुवंशिक आहे, त्यामुळं दर खेपेचं वजन वाढवलं तरी त्यांना अपाय संभवत नाही. छान इंग्रजीत. खाली माझं नाव.

मी केबिनमध्ये गेले. शेठ तिथंच बसले होते, चहा घेत.

"सर, हा परिच्छेद माझा नाही."

"मी घातलाय. गाइड आहे मी तुझा."

"पण सर, आपण रक्त तपासलंच नव्हतं. रक्तात काय आहे हे कसं लिहायचं?"

शेठनी कप खाली ठेवला. सर खुर्चीत मागं रेलले.

"तू इथं कशामुळं आलीस, हे विसरू नकोस."

"अभ्यासामुळं सर."

"कोट्यामुळं."

हे ऐकायची मी शाळेपासून तयारी करून ठेवली होती. वेगवेगळी उत्तरं होती माझ्याकडं, रात्रंदिवस घोकलेली. मी म्हणाले, "या परिच्छेदावर माझी सही होणार नाही." पान काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. जिन्यात बसून बाकीची पानं पुन्हा क्रमानं लावली.

सरांनीही थिसिसवर सही केली नाही, आणि गाइडच्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. माझ्या बरोबरचे तिघं परीक्षेला बसले, पास झाले, पेढे घेऊन आले. मी राहिले. जेवायला माझ्या टेबलावर कुणी बसेना. एक जण म्हणाला, "एका परिच्छेदासाठी?" तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या बापाच्या पोटरीवर कुणी थाप मारली नव्हती, इतकंच.

विभागात एक जुन्या मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या. विद्यापीठाकडं अर्ज करून मी त्यांना गाइड म्हणून मागितलं. त्या म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी भांडणार नाही. तेवढं बळ नाही माझ्यात. खरं असेल तिथं सही मात्र करीन." त्यांनी सगळे आकडे पुन्हा तपासले. एकेक वाक्यावर मला रडकुंडीला आणलं. सही केली. तो परिच्छेद थिसिसमध्ये नाही. मी एक सत्र उशिरा पास झाले.

आता मी याच शहरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि माझं संशोधन तेच आहे. बांधकामावरच्या बाया, माथाडी, भट्टीवरचे कामगार. ऊन, ओझं आणि काळीज. सर निवृत्त झाले. शेठच्या कंपनीत आरोग्य सल्लागार आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात शेठच्या चिकलठाण्याच्या गोदामात एक हमाल भर दुपारी पोत्यासकट पडला. उठला नाही. कंपनी म्हणते, त्याला आधीपासून हृदयविकार होता, कामाचा संबंध नाही. सरांनी तसं लेखी मत दिलंय, की अशा माणसांचं शरीर ओझ्याला जन्मापासून सरावलेलं असतं, ओझ्यानं ते मरत नाही.

तोच परिच्छेद. मी माझ्या थिसिसमधून काढलेला. त्यांनी जपून ठेवला होता.

त्या माणसाची बायको युनियनच्या माणसाला घेऊन माझ्याकडं आली. पदर डोक्यावर, डोळे कोरडे. म्हणाली, "ताई, ते म्हणतेत ह्यो पहिल्यापासूनच आजारी व्हता. माझा मालक येक दिवस बी घरी बसला नाय. तुमी बगा." मी बघितलं. गोदामात गेले. पत्र्याखालची उष्णता मोजली, बाकीच्या हमालांची नाडी मोजली, शवविच्छेदनाचा कागद वाचला, आणि माझं मत लिहून दिलं. तो माणूस उष्माघातानं आणि विश्रांती न मिळाल्यानं मेला. कामानं मेला.

परवा सरांचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाज मऊ.

"बाळ, या भानगडीत पडू नकोस. तुझ्या बढतीच्या समितीवर माझे मित्र आहेत. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"सर, तुम्ही त्या माणसाच्या शवविच्छेदनाचा कागद बघितलात?"

"बघायची गरज काय? इतकी वर्षं हेच करतोय."

"मी बघितलाय," मी म्हणाले. फोन ठेवला.

बढती जाईल. माहीत आहे. माय म्हणते, तुझी मर्जी. बाबा आता थकलेत, बोलणं कमी झालंय. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या बायकोला सांग, कोर्टात मी बी येतो."

सोमवारी कामगार न्यायालयात माझी साक्ष आहे. कंपनीचा वकील काय विचारणार, ते युनियनच्या माणसानं मला आधीच सांगून ठेवलंय. विचारणार की, डॉक्टर, तुम्ही निःपक्ष कशा? तुमचे वडील हमाल. तो मेलेला तुमच्याच समाजाचा. हे लोक तुमच्या नात्याचेच, नाही का?

विचारू देत. मी सांगणार, नात्याचे आहेत. आणि अहवाल खरा आहे. दोन्ही लिहून घ्या.