यमुनाताईंच्या नाचाला ढोलकी कोणाची

सकाळच्या वेळी आमच्या घरात कुणाला बोलायला फुरसत नसते. ह्यांचा डबा भरून झाला होता, माझे हात कणकेत होते, आणि आर्या, माझी मुलगी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून चहा निववत बसली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी एकच बाई आमच्याकडे येते, म्हणून मी आतूनच म्हटलं, "आज बुधवार नाही हो, यमुनाताई."

दार उघडलं तर डोक्यावर पाटी नव्हती. एरवी त्या पाटी दाराबाहेर टेकवून तिथेच बसकण मारतात आणि मासळी कापता कापता अख्ख्या मजल्याची चौकशी करतात. आज चपला काढून सरळ आत आल्या आणि आर्यासमोर फरशीवर बसल्या.

यमुनाताई अर्नाळ्याच्या कोळी. त्यांचे यजमान, जयवंतदादा, बोटीवर जायचे. गेल्या होळीनंतर जाळं ओढताना ते समुद्रात पडले आणि दुसऱ्याच गावाच्या किनाऱ्याला लागले. ओळख पटवायला यमुनाताई स्वतः गेल्या होत्या. "हातातल्या कड्यावरून वळखलं," एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मग बोंबलांचा भाव सांगायला लागल्या होत्या.

"बाय, तुझ्या व्हिडिओत ढोलकी कोन वाजवतो?" त्यांनी आर्याला विचारलं.

आर्या गोंधळली. "कोण म्हणजे? जयवंतकाकाच की."

"ते तुला ठावं नि मला ठावं. गावाला कुठं ठावंय?"

हा व्हिडिओ काय ते सांगायला हवं. आर्या नाच शिकलेली आहे. अर्नाळ्यापासून जूचंद्रपर्यंतच्या बायकांचे जुने नाच ती चित्रित करते आणि इंटरनेटवर ठेवते. कुणीही फुकट बघावं, शिकावं, एवढाच हेतू. जूचंद्रचे गौरीचे फेर त्यात आहेत, पापडी गावच्या मार्गारेट आंटी लग्नात नाचायच्या तो नाचही आहे. यमुनाताईंचा नाच त्यांच्या आईचा. पाऊल उचलायचं नाही, वाळूत घसटत न्यायचं, आणि कमरेतून असं झुलायचं की बघणाऱ्याला पाण्यावर असल्यासारखं वाटावं. आता हळदीत डीजे लागतो, त्यावर हे पाऊल बसत नाही. म्हणून जयवंतदादा जायच्या आधीच्या थंडीत आर्यानं यमुनाताईंना आमच्या गच्चीवर नाचायला बोलावलं. ढोलकी नवऱ्याची, पण चित्रात यमुनाताई एकट्या, पाऊल नीट दिसावं म्हणून.

गावात मात्र त्यांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे बाईनं नाचायचं ते हळदीत नाहीतर सणाला, आपल्या माणसांत. बिल्डिंगीच्या गच्चीवर कॅमेऱ्यापुढे नाचायला चाललेय म्हटलं असतं तर सासूनं उंबरा ओलांडू दिला नसता. "मासळी विकायला जाते" म्हणून दोघं आली होती.

आर्याचं काम सावकाश चालतं. तो व्हिडिओ इंटरनेटवर चढला भाद्रपदात. तोवर यमुनाताईंचं कपाळ मोकळं झालं होतं. बंदरावरच्या पोरींनी फोनवर पाहिला, वरची तारीख पाहिली, आणि गावभर झालं की वर्षाच्या आत यमुना बिल्डिंगीत जाऊन नाचली.

"पण हातात हिरव्या बांगड्या दिसतात ना तुमच्या," मी म्हटलं.

"त्याच तर खुपतात, ताई. म्हनतात, मेल्याच्या मागं भरून घेतल्या. लिलावाला माझ्या शेजारी कोनी बसत नाय. परवा एक म्हंगाली, आमालाबी सांग गं तुझा ढोलकीवाला, आमच्या हळदीला बोलवू."

"आणि सासूबाई?"

"सासू माझ्या हातचं जेवत नाय. पुढल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध. म्हंगाली, माझ्या लेकाच्या पानाला तुझा हात लागनार नाय, जाऊ रांधंल. मी लय सांगितलं, शपथ घेतली. तिला ऐकूबी कमी येतं, नायतर लेकाची ढोलकी वळखली असती."

मी गॅस बंद केला. कुकरची तिसरी शिट्टी राहून गेली.

"मी काढूनच टाकते तो व्हिडिओ," आर्या म्हणाली. "आत्ता, तुमच्यासमोर."

"काढलास तर म्हनतील, खरं होतं म्हनून काढलं."

"मग खाली लिहिते, कधी चित्रित केला ते. काकांचं नावही घालते."

"लिवायला काय, कोनी कायबी लिवतं. नि सासूला वाचाया कुठं येतं?"

आर्यानं न कापलेलं चित्रीकरण शोधलं. त्यात गच्चीचा कोपरा होता, पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले जयवंतदादा होते, अंगात बनियन. सुरुवातीलाच ते कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि म्हणतात, "बाय, मला नको घेऊ. पोट दिसतं. हिलाच घे, ही बारीक हाय." मागून यमुनाताईंचा आवाज येतो, "बारीक कशानं ऱ्हायली ते पन सांग." मग ढोलकी सुरू होते. त्यांनी सांगितलं म्हणूनच आर्यानं ती बाजू कापली होती.

यमुनाताईंनी त्या दिवसापासून आजवर हे पाहिलंच नव्हतं. त्या स्क्रीनच्या अगदी जवळ सरकल्या. नाच त्यांनी पाहिलाच नाही, त्यांचे डोळे टाकीकडे होते. एकदा दादांची ढोलकी चुकते, ते तोंडातल्या तोंडात शिवी देतात आणि पुन्हा ताल धरतात. यमुनाताईंनी पदर तोंडावर दाबला. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो त्यांना दिसला नाही.

"फोनवर घालून देऊ का तुमच्या?" आर्यानं हळूच विचारलं. "सासूबाईंना दाखवा."

"माझ्या फोनातलं कोन मानंल? म्हनतील, हिनं कुठून तरी बनवून आनलं." त्यांनी मान हलवली. "जिथं समद्यांनी पाहिलं, तिथंच लागू दे."

"पण काकांनी नको म्हटलं होतं..."

"ते नाय म्हनायला आता हायत का?"

यमुनाताईंनी चेहरा पुसला, लॅपटॉपच्या कडेला बोट टेकवलं आणि आर्याला म्हणाल्या,

"वर्षश्राद्धाच्या आधी एवढं कर. हे असंच लाव. त्यांना कापू नको."