गुरुआमांचा जबाब

नोकरीत मी असंख्य जबाब नोंदवले आणि त्यांतले बहुतेक विसरलो. एक मात्र आजही कोणी झोपेतून उठवून विचारला तरी शब्द न् शब्द सांगू शकेन.

मी मूळचा पुण्याचा. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि मग वडिलांच्या नोकरीमुळे जर्मनीत लुडविग्सहाफेनला आलो. ते तिथल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. पुढे मी जर्मन नागरिक झालो, पोलिसात भरती झालो आणि नोकरीची शेवटची वर्षे कार्ल्सरूहेच्या क्रिपोत, म्हणजे गुन्हे शाखेत काढली. बनावट कागदपत्रांची प्रकरणे माझ्याकडे असत. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ यांतले काहीही आले की आमचे प्रमुख फाइल माझ्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "आल्झो, तर मग, तुमच्या भागातला माणूस आहे. तुम्हालाच कळेल." पुण्यापासून नेपाळ जितके दूर आहे तेवढ्या अंतरात युरोपातले चार देश बसतात, हे त्यांना सांगायचे मी केव्हाच सोडून दिले होते.

नेपाळात राजाची सत्ता नुकतीच संपली होती, त्या काळातली ही गोष्ट. सकाळी आमच्या ड्यूटीवरच्या बाईंना एक निनावी फोन आला. बोलणारा पुरुष होता आणि त्याचे जर्मन चांगले होते. त्याने सांगितले, की इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पाण्याच्या शुद्धीकरणावर डॉक्टरेट करणारा अमुक एक तरुण नेपाळी नाही, भारतीय आहे. त्याने नेपाळचा पासपोर्ट मिळवला आहे. त्याची बायको भारतीय आहे, तो घरी भारतातली भाषा बोलतो, त्याचा चेहराही भारतीय आहे.

निनावी खबर ऐकताना मी एक कसोटी लावत असे. ज्याला खरोखर खबर द्यायची असते तो गुन्ह्याबद्दल बोलतो. ज्याने डूख धरलेला असतो तो माणसाबद्दल बोलतो. या फोनमध्ये पासपोर्ट कुठे बनला, कोणी बनवला, केव्हा बनला यातले काहीच नव्हते. होता तो फक्त माणूस: त्याचा चेहरा, त्याची बायको, त्याची भाषा. तरीही खबर आली की तपास करावाच लागतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवले आणि त्यांनी नियमाप्रमाणे त्याच्या व्हिसाची मुदतवाढ थांबवली.

तरुणाला चौकशीसाठी बोलावले. तिशीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी त्याच्याशी हिंदीत बोललो. माणूस मोकळा व्हावा एवढाच हेतू होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "मला हिंदी येतं. पण मी तुम्हाला हिंदीत उत्तर दिलं, तर तुम्ही तेच माझ्याविरुद्ध लिहून घ्याल."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी हिंदी सोडली.

जबाब कायद्याने पक्का व्हावा म्हणून शपथ घेतलेला नेपाळी दुभाषा बोलावला होता. काठमांडूकडचे पहाडी गृहस्थ, वीसेक वर्षे जर्मनीत राहिलेले, कामात अत्यंत चोख. चार प्रश्न झाले आणि ते माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हा आमचा नाही. याचे उच्चार ऐका. हा बिहारी आहे."

तरुणाने ते ऐकले. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यानंतर नेपाळीत एक शब्दही बोलला नाही. पुढचा सगळा जबाब त्याने जर्मनमध्ये दिला.

त्याच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा नीट कळले, की नेपाळ म्हणजे नुसते डोंगर नव्हेत. दक्षिणेला सपाट तराईचा पट्टा आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणारे लोक राहतात. त्यांना मधेसी म्हणतात. त्यांच्या शेतात देशाचे धान्य पिकते. पण लष्करात, कचेरीत, मंत्रालयात त्यांचे चेहरे क्वचित दिसतात. नागरिकतेचा दाखला मागायला गेले की अधिकारी विचारतो, भारतातून कधी आलात? कित्येकांना तो दाखला उभ्या जन्मात मिळत नाही आणि दाखल्याशिवाय जमीन नावावर होत नाही, नोकरीही मिळत नाही.

"काठमांडूत शिकत होतो तेव्हा खोली भाड्याने मिळत नव्हती," तो म्हणाला. "रस्त्यात पोरंसोरं 'ए धोती', म्हणजे ए इंडियावाल्या, म्हणून हाक मारायची. माझे वडील शाळेत हेडमास्तर. त्यांनाही तीच हाक. आणि दिल्लीच्या विमानतळावर पासपोर्ट दाखवला की तिथला शिपाई हसून म्हणतो, काय बहादूर, कुठे निघालात? इथे आलो तेव्हा वाटलं, निदान इथे तरी मी नुसता नेपाळी असेन."

मी विचारले, "तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा, नात्यात नसलेला, इथे युरोपात कोणी आहे?"

तो म्हणाला, "आहे. पण नाव देणार नाही."

"का?"

"माझ्या आजोबांना दाखला हवा होता तेव्हा पहाडी माणसाची शिफारस लागली. वडिलांनाही लागली. मी नाही आणणार. माझ्या देशाचा दाखला मी दुसऱ्याकडून किती वेळा मागायचा?"

तीस वर्षांच्या नोकरीत मी हट्टी आरोपी पुष्कळ पाहिले होते. हा हट्ट वेगळा होता. त्यात लपवाछपवी नव्हती. मी मात्र कात्रीत सापडलो. दूतावासाकडे विचारणा केली होती. त्यांचे उत्तर आले, की पासपोर्ट आम्हीच दिलेला आहे, खरा आहे. मात्र तो ज्या दाखल्यावर दिला त्याची जिल्ह्यातून खातरजमा आत्ता होऊ शकत नाही, कारण तराईत मधेसींचे आंदोलन पेटले आहे आणि कचेऱ्या बंद आहेत. सरकारी वकिलांचे म्हणणे पडले, की खरा पासपोर्टही खोट्या माहितीवर मिळवता येतो. फाइल बंद करायला ते तयार होईनात. तिकडे ही माणसे नागरिकतेसाठी रस्त्यावर उतरलेली आणि त्याच कारणाने इथे त्यांच्यातल्याच एकाची नागरिकता अडकलेली!

अशात एके दिवशी दुपारी रिसेप्शनवरून फोन आला. एक बाई मला भेटायला आल्या होत्या. त्या तरुणाची बायको. दिवस भरत आलेले होते. खुर्चीत सावकाश बसल्या आणि सरळ हिंदीत बोलायला लागल्या.

"भाईसाहब, मी बिहारची. मला हिंदी बोलायची भीती नाही. फोन करणाऱ्याने माझ्याबद्दल सांगितलं ते खरं आहे. माहेर सीमेच्या अलीकडे, सासर पलीकडे. आमच्याकडे मुली अशाच देतात, आजी-पणजीपासून. लग्न ठरलं तेव्हा मला कोणी सांगितलं नाही की मी नवऱ्याचा देश खोटा करायला चाललेय."

मी त्यांना पाणी दिले.

"बाळ येतंय," त्या म्हणाल्या. "इथल्या नोंदणी कचेरीत विचारून आले. बापाचं नागरिकत्व ठरलेलं नसेल तर बाळाच्या जन्माची नोंदही रखडेल म्हणतात. यांच्या आजोबांचं झालं, वडिलांचं झालं, यांचं चाललंय. बाळाचंही तेच?" त्यांनी पोटावर हात ठेवला. "ते नाव सांगणार नाहीत. मी सांगते. ते रागावतील, रागावू देत."

त्यांनी सांगितलेल्या बाई म्हणजे त्या तरुणाच्या शाळेतल्या शिक्षिका, नेपाळीत गुरुआमा. पहाडी ब्राह्मण. सगळी हयात तराईतल्या सरकारी शाळेत नेपाळी शिकवण्यात घालवलेली. निवृत्तीनंतर मुलीकडे वोल्फ्सबुर्गला आल्या होत्या. जावई तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी फोन लावला. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "कुठे यायचं आणि कधी?" त्यांचा जबाब वोल्फ्सबुर्गच्या पोलीस ठाण्यातही नोंदवता आला असता, तसे मी सुचवले. त्या म्हणाल्या, "नाही. जिथे त्याला नाही म्हटलं, तिथेच येईन."

त्या आल्या तेव्हा मी तरुणालाही बोलावले होते; त्याची बायकोही सोबत आली होती. बायकोने केलेले त्याला कळले होते आणि तो घुश्श्यात होता. पण कॉरिडॉरमध्ये त्या बुटक्या, स्वेटरवर शाल गुंडाळलेल्या बाई दिसल्या आणि तो सरळ वाकून त्यांच्या पाया पडला. "गुरुआमा, तुम्ही कशाला आलात? मला शिफारस नको होती."

"शिफारस करायला कोण आलंय?" त्या म्हणाल्या. "मी साक्ष द्यायला आले. शिफारस वरून खाली करतात. साक्ष, शेजारी उभा असलेला माणूस देतो."

हे मला नंतर त्याच्या बायकोने सांगितले. तो आणि गुरुआमा आपसात मैथिलीत बोलत होते. इतकी वर्षे तराईत राहून बाई ती भाषा बोलायला शिकल्या होत्या.

जबाबासाठी दुभाषा तोच होता. बदलता आला असता, पण मी मुद्दाम बदलला नाही. नियमाप्रमाणे मी त्यांना आठवण करून दिली, की साक्षीदार जे बोलेल ते शब्दशः सांगायचे, कमी नाही, जास्त नाही.

गुरुआमांनी तरुणाचे गाव सांगितले, वडिलांचे घर सांगितले, शाळेच्या पटांगणातली त्याची बसायची जागा सांगितली. तो लहान असताना त्याला विंचू चावला तेव्हा त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात धावल्याचे सांगितले. मी नोंदवत होतो. मग मी विचारले, "त्याचे नेपाळी उच्चार वेगळे आहेत, असा आक्षेप आहे. आपलं काय म्हणणं?"

त्या माझ्याकडे न बघता दुभाष्याकडे वळल्या आणि शांतपणे बराच वेळ बोलल्या. त्यांचे बोलून झाले तरी दुभाष्यांनी भाषांतर सुरू केले नाही.

"सांगा," मी म्हणालो.

"हे... हे माझ्याशी वैयक्तिक बोलणं आहे."

"साक्षीदाराचा जबाब आहे. शब्दशः."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि जर्मनमध्ये सांगू लागले. "साक्षीदार म्हणतात: नेपाळी त्याला मी शिकवलं. उच्चार कच्चे राहिले असतील तर तो माझ्या शिकवण्याचा दोष आहे, त्याच्या देशाचा नाही. तो वर्गात आला तेव्हा त्याला आईची भाषा येत होती. त्याने माझी भाषा शिकली. माझ्या पहाडी विद्यार्थ्यांपैकी एकानेही त्याची शिकली नाही. तरी देश त्यांचा आणि हा परका?" दुभाष्यांनी पुढचे वाक्यही सांगितले. "साक्षीदार मला विचारतात: भाई, तुमची मुलं घरी कोणती भाषा बोलतात?"

"उत्तर द्यायला मला परवानगी आहे का?" दुभाष्यांनी मला विचारले.

मी मान हलवली.

"जर्मन," ते म्हणाले. मग तेच नेपाळीत गुरुआमांना सांगितले. पुढे त्या दोघांत एक-दोन वाक्ये झाली आणि तीही दुभाष्यांनी प्रामाणिकपणे मला सांगितली. "साक्षीदारांनी विचारलं, मग ती नेपाळी नाहीत का? मी म्हणालो, आहेत. साक्षीदार म्हणाल्या, मग याचंही तेच लिहून घ्यायला सांगा." दुभाषा तरुणाकडे वळले. "आणि हे माझं स्वतःचं. त्या दिवशी मी जे म्हणालो ते सांगायचा मला अधिकार नव्हता."

माझीही मुले मराठीत विचारले की जर्मनमध्ये उत्तर देतात. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

फोन करणाऱ्याचा छडा लागला तो त्याच्याच उतावीळपणामुळे. काही दिवसांनी त्याने पुन्हा फोन केला. "त्याला परत पाठवलं का?" पहिल्या वेळी नंबर लपवलेला होता; या वेळी तो लपवायला विसरला. ड्यूटीवरच्या बाई मुरलेल्या होत्या. "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, करत त्यांनी त्याला बोलता ठेवले आणि नंबर उतरवून घेतला. एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा नेपाळी तरुण निघाला. माझ्यासमोर बसल्यावर तो फार टिकला नाही. शहरातल्या आंतरराष्ट्रीय मेळ्यात नेपाळच्या कार्यक्रमाची जबाबदारी त्यांच्या मंडळाने या मधेसी तरुणाकडे दिली होती आणि त्याने मैथिली गाणीही ठेवली होती. "लोकांना वाटलं असतं आम्ही इंडियन आहोत," एवढेच कारण तो देऊ शकला.

गुरुआमांचा जबाब, दूतावासाचे पत्र आणि खबर देणाऱ्याची कबुली हे सगळे सरकारी वकिलांकडे गेले आणि प्रकरण बंद झाले. व्हिसा वाढला. मुलगी झाली आणि तिच्या जन्माची नोंद वेळेत झाली.

खोटा आळ घेणे हा इथे गुन्हा आहे. मी तरुणाला विचारले, "फोन करणाऱ्याविरुद्ध जबाब द्यायचा आहे का? मंडळातली माणसं मिटवून घ्या म्हणतील."

"म्हणालीच आहेत. मी देणार आहे," तो म्हणाला. "मी परका आहे असं म्हणणं खोटं आहे, हे कुठल्या तरी न्यायालयात एकदा तरी सिद्ध होऊ दे."

ते सिद्ध झाले. मी साक्षीसाठी हजर होतो. निकालानंतर बाहेर तो सॉफ्टवेअरवाला तरुणापाशी आला आणि पडेल आवाजात नेपाळीत म्हणाला (अर्थ मला नंतर कळला), "दाइ, दादा, आपल्यातली गोष्ट होती. कोर्टापर्यंत कशाला आणलीस?"

तरुणाने मैथिलीत उत्तर दिले. चांगले खणखणीत, चार माणसांत ऐकू जाईल असे. समोरच्याला कळले नसावे, तो गोंधळून बघत राहिला. मलाही अर्थ कळला नाही. मग तेच त्याने नेपाळीत सांगितले आणि माझ्यासाठी जर्मनमध्ये: "परक्या माणसाने आळ घेतला असता तर मी सोडून दिलं असतं. तू माझ्याच देशाचा आहेस, म्हणून भांडलो."

पोलिसाला माणसाची ओळख पटवण्याचे शिक्षण असते. फोटो, बोटांचे ठसे, जन्मतारीख हे सगळे मी आयुष्यभर केले. पण देश आपला आहे की नाही हे ठशांवरून कळत नाही. ज्या देशाने आपल्याला सतत दारातच उभे केले त्याच्यावरचा हक्क जो माणूस सोडत नाही, त्याच्याइतका त्या देशाचा दुसरा कोण? माझ्या चेहऱ्याकडे बघून "खरा जर्मन पोलीस पाठवा" म्हणणारे लोक मलाही भेटले होते. अशा वेळी मी सहकाऱ्याला पुढे करून बाजूला होत असे. या प्रकरणानंतर एकदा तक्रारी नोंदवण्याच्या पाळीवर असताना एका आजोबांनी तेच म्हटले तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "तो मीच. बसा आणि सांगा, काय चोरीला गेलंय?"

आजोबा बसले आणि सांगू लागले.