पिक्चर पास करणारे काका

हातात काहीही दिलं की ते आधी उजेडाकडे धरायचे, मग कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. झाकण असो, पगाराची पावती असो, नाहीतर पापड. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी अशीच तपासली आणि म्हणाले, "कटिंग थोडं तिरकं आहे मॅडम. बाकी स्थळ चांगलं."

सिल्वासाहून गलोंड्याकडे जाताना आमचा कारखाना लागतो. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनतात. मी तिथे क्वालिटीची प्रमुख आणि ते माझ्या हाताखाली इन्स्पेक्टर. वयाने माझ्याहून मोठे, मूळचे शहाद्याकडचे. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणे. मागच्या वर्षी ते निवृत्त होऊन गावी गेले.

आमच्याकडे पद्धत अशी की शिफ्ट सुरू झाली की मशीनमधून निघालेले पहिले पाच पीस इन्स्पेक्टरच्या टेबलावर येतात. त्याची सही झाल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही. इतर इन्स्पेक्टर सही आधी करत आणि पीस नंतर बघत. काका पाचही पीस तपासत. "आधी पाच पीस दाखव, मग बोल," हे ते ऑपरेटरला म्हणत आणि कॅन्टीनमधल्या भजीवाल्यालाही म्हणत. भजीवाला बिचारा खरंच पाच भजी दाखवायचा. ती परत जात नसत.

कधी कधी थोडा खराब माल तसाच पाठवावा लागतो. त्याला डेव्हिएशन म्हणतात. दोष कागदावर लिहायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे, त्याने 'चालेल' म्हणून सही केली की माल जातो. माल लवकर बाहेर काढायचा असला की सगळ्यांना हा कागद प्रिय असतो. काकांनी अकरा वर्षांत त्यावर एकदाही सही केली नव्हती. एकदा घाईत मी केली, तर दोन दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. तसं आम्ही एरवीही कामापुरतंच बोलायचो, पण फरक कळत होता.

अशा माणसाला एक हिरो होता. तुम्हीही पाहिलं असेल, कडक माणसांना एक कोपरा असतो आणि तिथे ते अजिबात कडक नसतात. त्याचा प्रत्येक पिक्चर काका पहिल्या दिवशी पहिल्या शोला बघत. रजेच्या अर्जावर कारण लिहीत, 'तपासणी'. मी सही करायचे. खोटं तर नव्हतं. परत आले की मशीनच्या हॉलमध्ये पास किंवा रिजेक्ट एवढंच सांगत आणि त्यावर धुळे-नंदुरबारची आमची सगळी पोरं तिकिटं काढत.

त्या हिरोचा लढाईचा पिक्चर येणार म्हणून दोन महिने कारखाना तापला होता. त्यातच दरवर्षीच्या सहलीचा विषय निघाला. सलग चार वर्षं आमची सहल दुधनीला, धरणाच्या पाण्यावर गेली होती. तीच होडी, तेच पाणी, तोच पुलाव. कामगारांनी मागणी केली की या वेळी सगळ्यांना हा पिक्चर दाखवा. आमचे प्लांट हेड पुण्याचे. त्यांनी काकांना बोलावलं.

"शुक्रवारी बघून या. तुम्ही पास केलात तर रविवारचा अख्खा शो बुक करतो. नाहीतर दुधनी."

काका बाहेर आले ते जरा पिवळे पडलेले. हिरो त्यांचा, मित्र त्यांचे, आणि शब्दही त्यांचाच.

गुरुवारी दुपारपासून फोनवर मुंबईच्या लोकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. त्यांनी आदल्या दिवशीच खास खेळाला पिक्चर पाहिला होता. अंगावर काटा आला, थिएटरमध्ये लोक उभे राहिले, साडेचार तारे. पोरं जेवणाच्या सुट्टीत काकांच्या टेबलाभोवती जमली.

"काका, साडेचार तारा शेतस."

"फुकट तिकीट होतं का त्यांना?"

"मग, बोलावलं होतं त्यांना."

"सप्लायरचा चहा पिऊन केलेली तपासणी आहे ती. डबा खा."

ट्रेलरही त्यांनी पाहिला नव्हता. ट्रेलर म्हणजे शोरूमचा पीस, असं त्यांचं मत.

शिफ्ट रोज दुपारी तीनला बदलते. त्या शुक्रवारी पहिली शिफ्ट गेटबाहेर जाईना आणि दुसरी आत येईना, असे दोनशे लोक गेटवर थांबले. काका स्कूटरवरून आले, कुणाकडेही न बघता सरळ माझ्या खोलीत शिरले आणि तपासणीचा कोरा फॉर्म घेऊन लिहायला बसले. मी वाचला.

रंग: ठीक. आवाज: प्रमाणाबाहेर. वजन: कमी. फिनिशिंग: इंटरव्हलपर्यंत आहे, नंतर नाही. शेरा: रणगाड्याचं दार लाकडी वाटतं, उघडताना कुरकुरतं.

निकालाची जागा कोरी होती.

"निकाल?" मी विचारलं.

ते खिडकीबाहेर बघत होते. "मॅडम, ते डेव्हिएशन म्हणतात, तसं काही..."

मला हसू आलं नाही. हे वाक्य उच्चारायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. पण नियम तो नियम.

"डेव्हिएशनला गिऱ्हाइकाची सही लागते काका. तुम्हीच मला शिकवलंत."

ते उठले, फॉर्म घेतला आणि गेटवर गेले. वॉचमनच्या स्टुलावर चढून त्यांनी अख्खा रिपोर्ट वाचून दाखवला. लाकडी दारासकट. गेटवर इतकी शांतता मी फक्त बोनसची घोषणा होताना पाहिली आहे.

"माल खराब आहे," ते म्हणाले. "तुम्ही गिऱ्हाईक आहात. तरी पाहिजे का?"

मागून एक मशीन ऑपरेटर म्हणाला, "काका, हिरो मरस का?"

"ते फॉर्ममध्ये येत नाही."

"दुधनीपेक्षा तर बरा शे ना?"

काकांनी विचार केला. खरोखर केला. "दुधनीला हवा चांगली असते," ते म्हणाले.

मग पॅकिंगमधली एक बाई पुढे आली. चारही सहलींना तिला होडी लागली होती. "लाओ काका, किधर साइन करना है?" तिच्यामागे रांग लागली. स्टोअरचा गुजराती कारकून 'चालशे' म्हणून सही करून गेला. फॉर्मची मागची बाजूही भरली. सगळ्यात शेवटी काकांनी निकालाच्या जागी 'डेव्हिएशनवर पास' लिहिलं आणि अकरा वर्षांतली त्या प्रकारची पहिली सही केली.

रविवारी थिएटर आमच्याच लोकांनी भरलं. काका दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"चला ना आत," मी म्हटलं.

"एकदा तपासलेला लॉट मी परत उघडत नाही," म्हणाले आणि पॉपकॉर्नच्या काउंटरजवळच्या बाकावर बसले. अडीच तास तिथेच होते.

आत आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, हिरोच्या प्रत्येक एन्ट्रीला कागद उधळले. इंटरव्हलनंतर शिट्ट्या विरळ झाल्या. दार कुरकुरलं तेव्हा कुणी हसलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

पिक्चर सुटला. लोक बाहेर यायला लागले तसे काका बाकावरून उठले, परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे. आणि एकेक जण त्यांच्याजवळ थांबून सांगू लागला.

"काका, एवढा काही वाईट नव्हता."

"फिनिशिंग आहे काका, एकदम आहे."

"दार लोखंडीच होतं, मी बारीक पाहिलं."

पॅकिंगमधली बाई तर "बहोत रोना आया" म्हणत कोरडा रुमाल डोळ्यांना लावून गेली. काका प्रत्येकाला मान हलवत होते. पण मान हलवता हलवता त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

गर्दी ओसरल्यावर ते माझ्याजवळ आले. "मॅडम, तुम्ही सांगा."

"तुमचा रिपोर्ट बरोबर होता," मी म्हटलं. "वजन तर तुम्ही लिहिलंत त्याहूनही कमी आहे."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं. मला वाटायला लागलं, माझी नजरच गेली."

मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. प्रवेशद्वाराशी त्यांच्या हिरोचा पुरुषभर उंचीचा पुठ्ठा उभा होता, हातात बंदूक. काकांनी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाहिला, पण पुठ्ठा डगमगला. मग ते नुसतेच त्याच्या शेजारी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "काढा."

मी काढला. दोघांनीही पोट आत ओढून धरलं होतं.